हात पुसून यावं

१

मेरीझ या ऊसमळ्यावरचं घर उघडायची झेलियाची एक ठरलेली पद्धत होती. आधी नदीकडच्या झडपा, मग मागच्या. उलट केलं तर वारा आत शिरून घुटमळतो आणि खोल्या दिवसभर कोंदट राहतात, असं ती म्हणायची. तिची आई असंच उघडायची, आईची आईही असंच. फरक एवढाच की त्या दोघी मालकांसाठी उघडायच्या आणि झेलिया तिकीट काढून येणाऱ्यांसाठी.

झेलिया नार्सिस साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, जिभेने तिखट बाई. ऊसमळ्यातलं हे जुनं घर लोकांना दाखवायचं, ही तिची नोकरी. पण तिचं या घरावर प्रेम होतं, आणि ते ती लपवत नसे. विटांच्या जाडजूड खांबांवर पुरुषभर उंच उचललेलं घर. मिसिसिपीला कितीही पूर येवो, पाणी खालून जायचं आणि वर माणसं जेवत बसायची. चहूबाजूंनी रुंद ओसरी. आत बोळ नाही की जिना नाही, एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. नदीकडचं दार आणि मागचं दार समोरासमोर, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही जेवणाच्या टेबलावरचा रुमाल हलत असायचा. तुळया सायप्रसच्या, खिळा एकही नाही, सगळं खाचेत खाच आणि वर लाकडी खुंटी. आणि भिंती कुडाच्या. लाकडी चौकटीत आडव्या काठ्या, त्यांवर झाडांना लोंबणारं करडं शेवाळ कालवलेला चिखल, वरून चुन्याचा गिलावा.

"फाटकावर नाव फ्रेंच मालकाचं आहे," ती पाहुण्यांना सांगायची. "त्याने बोट दाखवलं, म्हणाला, इथे घर हवं. बाकीचं आमच्या माणसांनी केलं. विकत आणलेल्या माणसांनी. तेव्हा तोंडभरून कौतुक करा, पण कुणाचं करताय ते लक्षात ठेवून करा."

मग ती त्यांना जेवणघरात न्यायची. तिथे भिंतीचा गिलावा चौकोनात काढून वर काच बसवली होती, आतलं काम दिसावं म्हणून. झेलिया तिला पोटखिडकी म्हणायची. काचेमागे पिवळी माती, शेवाळाचे धागे, आणि मातीत उमटलेला एक डावा हात. लहानसा. बाईचा असेल नाहीतर कोवळ्या पोराचा. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा, कधीतरी मोडून तसाच जुळलेला. झेलिया आपला तळवा काचेसमोर धरून तुलना दाखवायची. काचेला तिने कधी हात लावला नाही, दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही.

"पुसायचा राहिला बिचारीचा," एवढंच ती म्हणायची, आणि पुढच्या खोलीकडे वळायची.

२

त्या वर्षीच्या वादळाने मागचा छपराचा कोपरा उचलला. पाणी आत आलं आणि जेवणघराच्या त्याच भिंतीची मागची बाजू, म्हणजे मागच्या छोट्या खोलीतली, विरघळून खाली बसली. घराचा कारभार बघणाऱ्या मिस लेनोरने दुरुस्तीचं काम झेलियाच्या मुलाला दिलं. नूमाला.

नूमा तिचा एकुलता एक. मध्यंतरी ह्यूस्टनला ट्रक चालवत होता, तिथे जीव रमेना म्हणून परतला आणि मामाच्या हाताखाली कुडाचं काम शिकला. वसंतात त्याचं लग्न होतं, नदीपलीकडच्या इवोनशी. चर्चपासून ढोलकीवाल्यांपर्यंत सगळं ठरलेलं. सुनेचं तोंड बघायला झेलिया उतावीळ झाली होती, पण ते कबूल करायला तयार नव्हती.

त्याने काम घरच्या रीतीनेच केलं. अंगणात माती भिजवली, शेवाळ टाकलं, विजार गुडघ्यांवर दुमडून स्वतः तुडवली. मग चिखलाचे लांबट लोळे करून काठ्यांवर खालून वर चढवत गेला. झेलिया दारात उभी राहून बघत होती. पोराचे हात तिच्या बापासारखे चालत होते, आणि त्याचा तिला इतका अभिमान वाटला की तिने मुद्दाम दोन चुका काढल्या.

शेवटचा लोळा बसवल्यावर नूमाने त्यावर उजवा तळवा दाबला. ही रीतच होती. भिंत पुरी झाली की करणाऱ्याने हात द्यायचा, आणि तिथल्या तिथे ओल्या हाताने तो पुसून टाकायचा. ज्याचा हात, त्यानेच.

"थांब थांब," मिस लेनोर म्हणाली. ती कौतुकाने बघत उभी होती. "राहू दे ना तो. एका बाजूला जुना हात, दुसऱ्या बाजूला आजचा. लोकांना किती आवडेल."

"पूस," झेलिया म्हणाली.

"अगं आई, कारभारीणबाई म्हणतायत."

"कारभारीणबाईंनी नाही तुडवला चिखल. पूस आधी."

"लोकांना फोटो लागतो गं काढायला."

"मग तुझं थोबाड टांग तिथे फ्रेम करून. हात पूस."

मिस लेनोर हसली आणि म्हणाली, "मिस झेलिया, कारण तरी सांगा."

कारण झेलियाला ठाऊक नव्हतं. नॅनन, म्हणजे तिची धर्ममाता, म्हणायची की भिंतीत हात ठेवून येऊ नये, पुसून यावं. का, असं विचारल्यावर नॅनन दुसऱ्याच विषयाकडे वळायची. आता कारभारीणबाईंसमोर हे सांगायचं तर खुळचटासारखं वाटलं असतं. झेलिया खांदे उडवून कॉफी करायला गेली. परतली तेव्हा नूमा हातपाय धुऊन ओसरीच्या पायऱ्यांवर बसला होता, आणि हात भिंतीत तसाच होता.

३

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला. हवा कोरडी, शेतं पेटवल्याचा गोड धूर दिवसभर. भिंत झपाट्याने वाळत गेली, आधी कडेने, मग मध्ये, आणि फिकट पिवळी झाली. हाताचा ठसा मात्र वाळला नाही. पाचही बोटं गडद आणि ओली, जणू आत्ताच कुणी उचलली आहेत.

"तिथे माती दाबली गेलीय, म्हणून ओल धरून ठेवते," नूमा म्हणाला.

ते झेलियाला पटलं. मिस लेनोरने ओल मोजायचं यंत्र आणलं, ते भिंतीला टेकवलं, भुवया उंचावल्या, पुन्हा टेकवलं. "नदी चढलीय यंदा," ती म्हणाली. "खालून ओढून घेत असेल." तेही झेलियाला पटलं. तिला पटवून घ्यायचंच होतं.

मग एका सकाळी, पाहुण्यांना पोटखिडकी दाखवताना, तिला जुन्या हाताची करंगळी दिसेना. ठसा होता, पण करंगळीच्या जागी माती सपाट होती. तिने चष्मा पुसला. काच फडक्याने पुसली. मिस लेनोरला बोलावलं.

"मागच्या ओलीने माती फुगतेय," मिस लेनोर वाकून बघत म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं होतं. "ठसा भरून येतोय. अरेरे. मी तज्ज्ञांना फोन करते."

भिंत एकच, ओल एकच. एका बाजूचा हात वाळत नाही आणि दुसऱ्या बाजूचा भरून येतो, यात न समजण्यासारखं काय आहे, असं झेलियाने स्वतःला विचारलं. तरीही झडपा लावताना त्या दिवशी ती जेवणघरातून न जाता ओसरीवरून वळसा घालून गेली.

४

सोमवारी नूमा जेवायला आला. सोमवारचा राजमा-भात त्याने जन्मात कधी चुकवला नव्हता. आज तो ताटातला भात नुसता एका बाजूने दुसऱ्या बाजूला सारत राहिला.

"काय झालं? इवोनने उपाशी राहायला सांगितलंय की काय, सूट बसावा म्हणून?"

"भूक नाही."

तिने त्याचा हात हातात घेतला. उजवा. गारठलेला होता, आणि नखांत पिवळी माती होती.

"काम संपून किती दिवस झाले. अजून हात धूत नाहीस?"

"धुतो गं. पुन्हा येते." त्याने हात काढून घेतला. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "किती सुरेख बांधलंय ना ते घर."

"हो. लहानपणी सांगत होते तेव्हा जांभया देत होतास."

"नदीकडच्या तुळईला तिसऱ्या खाचेत खुंटी आखूड पडली होती. दुसरी तासायला वेळ नव्हता, म्हणून आखूडच ठोकली आणि वरून राळ भरली. अजून धरून आहे बघ. काय काम होतं."

तो हे इतक्या मायेने बोलला की झेलिया क्षणभर नुसती ऐकत राहिली. त्याच्या सुरात तिचाच सूर होता, पाहुण्यांशी बोलतानाचा. मग तिच्या लक्षात आलं की माळ्यावरच्या त्या टोकाला कुणी जात नाही. तिथे पोचायला वाटच नाही.

"तुला कुणी सांगितलं हे?"

नूमाने तिच्याकडे पाहिलं, आणि उत्तर आठवत नसल्यासारखा कपाळाला हात लावला. कपाळावर मातीचा पट्टा उमटला. "मामाने सांगितलं असेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, मी आयुष्यात त्या माळ्यावर चढलेलो नाही, माझ्या गुडघ्यांची शप्पथ.

त्यानंतर नूमा रोज मेरीझवर दिसू लागला. बघायला आलोय, वाळला का ते, असं म्हणायचा. मागच्या छोट्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा असायचा. हाक मारली की पहिल्या हाकेला वळायचा नाही. इवोनने झेलियाला विचारलं, "आई, त्याचं मन बदललंय का? खरं काय ते सांगा, मी रडणार नाही." झेलियाने तिला घट्ट धरलं आणि म्हणाली, तसं काही नाही. पण ते तिला स्वतःलाच पटलं नव्हतं.

५

सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशी पाहुण्यांचा मोठा घोळका आला. झेलिया सवयीने बोलत होती, तोंड आपोआप चाललं होतं. पोटखिडकीपाशी आल्यावर तिने पाठ काचेकडे ठेवून तळवा वर धरला.

"आणि हा बघा, आमच्यातल्याच कुणाचातरी. नाव माहीत नाही, पण हात आहे."

लोक माना पुढे काढून बघू लागले. मग एक म्हातारे गृहस्थ अदबीने म्हणाले, "माफ करा, पण कुठेय?"

झेलिया वळली. काचेमागे माती होती, शेवाळाचे धागे होते. बोटं नव्हती. खाली, एका कोपऱ्यात, वाकड्या अंगठ्याचा खळगा तेवढा शिल्लक होता.

"आज सुट्टीवर गेली वाटतं," झेलिया म्हणाली. लोक हसले. ती म्हणाली, पुढची खोली तुम्हीच बघा, मी आलेच, आणि मागच्या दाराने छोट्या खोलीत गेली.

खोलीत दुपारचं ऊन भरलं होतं. नूमा भिंतीशी उभा होता, उजवा तळवा आपल्याच ठशात ठेवून. नुसता ठेवून नव्हे. बोटांच्या कडांवर माती चढली होती, हळुवार, गुळगुळीत, लोळा बसवल्यावर कुशल हाताने कडा लिंपाव्यात तशी. लिंपण मनगटापर्यंत आलं होतं. आणि बाहेरून लिंपणारं कुणी नव्हतं.

"पुसायलाच आलो होतो गं," नूमा शांतपणे म्हणाला. "सोडत नाही."

झेलियाने त्याला मागून कमरेत मिठी मारली आणि सगळा भार मागे टाकला. चिखलातून पाय काढताना होतो तसा आवाज झाला. दोघं जमिनीवर पडली. हात धड होता, पाचही बोटं धड होती. बर्फासारखा गार. शेजारच्या जेवणघरात पाहुणे टेबलाचं कौतुक करत होते.

भिंतीतला ठसा आता आधीपेक्षा खोल दिसत होता.

६

नूमाला तिने त्याच संध्याकाळी लाफायेटला बहिणीकडे पाठवलं, इवोनला सोबत देऊन. सकाळी फोन आला. रात्रभर झोपेत चालत होता, मावशी म्हणाली. दाराला कुलूप घातलं तर दारावर तळवा टेकवून उभा राहिला. मेरीझच्या दिशेच्या दारावर.

सणाला मेरीझ बंद असायचं. सगळा गाव स्मशानात, थडग्यांना चुना लावायला. झेलियाने आईच्या आणि नॅननच्या थडग्याला चुना लावला, फुलं ठेवली, आणि तशीच चुन्याच्या हातांनी घराकडे आली. ऊन चांगलं होतं. तिने नदीकडच्या झडपा उघडल्या, मग मागच्या. वारा घरभर फिरून गेला. या अवस्थेतही तिला वाटून गेलं की असं घर पुन्हा कुणी बांधणार नाही.

आधी तिने ओल्या हाताने नूमाचा ठसा पुसून पाहिला. माती हाताखाली सपाट व्हायची, आणि हात उचलला की पाचही बोटं सावकाश पुन्हा खोल जायची. ज्याचा हात, त्यानेच पुसायचा. आणि त्याला तर ती आता इथे पाऊलही टाकू देणार नव्हती. पहार आणून उकरून काढावं, असं मनात आलं. तिने पहार आणलीही. पण उकरताना आत काय लागेल, या विचाराने ती तिने दाराशी टेकवून ठेवली.

मग ती खूप वेळ त्या ठशाकडे बघत राहिली. पोराचा तळवा त्याच्या बापासारखा लांबट होता. तिचा रुंद, बोटं जाड. वर ठेवला तर त्याचं काहीच दिसणार नाही.

"माझं वय झालंय," ती मोठ्याने म्हणाली. कुणाला म्हणाली ते तिलाही ठाऊक नव्हतं. "आणि मी तशीही इथेच असते."

तिने उजवा हात ठशावर ठेवला आणि अंगातलं सगळं बळ लावून दाबला.

माती आत गेली. आधी गार, मग कोमट. तिने डोळे मिटून घेतले होते. आतून एक तळवा येऊन तिच्या तळव्याला भिडला. लहान, खरखरीत, काम करून घट्टे पडलेला. त्यात राग नव्हता, ओढ नव्हती, फक्त फार मोठा थकवा होता. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा होता. त्या हाताने तिचा हात हलकेच दोनदा दाबला, निघताना आपण एकमेकांचा दाबतो तसा. आणि सुटला.

झेलियाने डोळे उघडले आणि हात काढून घेतला. हात निघाला, सहज. भिंतीत तिचा ठसा होता, रुंद आणि ओला, आणि त्याच्याखाली दुसरं काही दिसत नव्हतं. ओसरीवर पावलं वाजल्यासारखी वाटली, अनवाणी, नदीकडे जाणारी. ती बघायला गेली नाही. जेवणघरात गेली. पोटखिडकीत माती सगळीकडून सपाट झाली होती.

तेवढ्यात फोन वाजला. "आई," नूमा म्हणाला, "मावशीकडे खायला काहीच नाहीय गं. नुसती कोशिंबीर." आणि झेलिया जमिनीवर बसून रडली.

७

लग्न वसंतातच झालं, नदीपलीकडच्या चर्चमध्ये. झेलियाने निळा पोशाख शिवून घेतला होता. गाडी पुरासाठी घातलेल्या बांधापर्यंत आली, आणि तिथे तिच्या उजव्या हाताला मागे, घराकडे अशी ओढ लागली की तिने गाडी थांबवायला सांगितली. गुडघे दुखतात, असं कारण दिलं. नवरानवरी संध्याकाळी केक घेऊन मेरीझच्या ओसरीवर आली, ढोलकीवालेही आले, आणि सगळे तिथेच नाचले. नूमाचे हात ऊबदार होते. इवोन म्हणाली, "आई, तुमचे किती गार आहेत."

"तुझ्या नवऱ्याला वाढवण्यात गेली सगळी ऊब," झेलिया म्हणाली.

नूमाने लाफायेटला घर घेतलं आहे. दर रविवारी फोन करतो, आई, आता नोकरी पुरे, ये इकडे. ती म्हणते, येते, जरा हंगाम संपू दे. ती खोटं बोलते हे दोघांनाही कळतं, पण कारण एकटीलाच ठाऊक आहे. तिचा हात पुसणं सोपं आहे. ओल्या तळव्याने एकदा फिरवायचा, की झालं. पण तिच्या हाताखाली पोराचा आहे.

सकाळी ती झडपा उघडते. घर तिला आता पूर्वीपेक्षाही चांगलं कळतं. कुठली तुळई कुणी तासली, कुठल्या खोलीचा चिखल तुडवताना कोण गात होतं, कोण गात नव्हतं. ते ती पाहुण्यांना सांगते, आणि लोक भारावून ऐकतात. मिस लेनोर म्हणते, मिस झेलिया, तुमच्यासारखं हे घर कुणी दाखवलं नाही. ते खरंच आहे.

परवा एक तरुणी आली होती. एकटीच, लांबच्या कुठल्या तरी राज्यातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत घराच्या प्रेमात पडलेली. सगळे पुढे गेले तरी ती मागच्या छोट्या खोलीत भिंतीपाशी रेंगाळली.

"किती जिवंत वाटतो हा हात," ती म्हणाली. "अजून ओला आहे. मी यावर माझा ठेवू का? अगदी हलकेच."

तिचा तळवा वर उठला होता. रुंद होता, खालचे दोन्ही ठसे त्याने चांगले झाकले गेले असते.

झेलिया तिच्याकडे बघत राहिली. बाहेर बांधावरून एक गाडी लाफायेटच्या दिशेने गेली, आणि तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत झेलिया कान देऊन ऐकत राहिली.

"नको, पोरी," ती शेवटी म्हणाली. "मागे हो."

आजवर हजारो लोकांना तिने नाही म्हटलं होतं. एवढा वेळ तिला कधीच लागला नव्हता.